फ्री मालाची नोंद

औषधांच्या धंद्यात ‘दहावर दोन’ ही रोजची बोली आहे. दहा डबे घेतले की दोन फुकट. स्टॉकिस्टचा माणूस माल उतरवतो आणि बिल पुढे करतो. त्यावर दहा डबे लिहिलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात फ्री दोन. कधी तेही नसतं. दोन डबे वेगळ्या चलनावर येतात आणि ते चलन कुठल्याच फायलीला लागत नाही. साठावहीत दहाची नोंद होते, दहाचं बिल चुकतं होतं, हिशेब जुळतो. मग उरलेले दोन डबे कोणाचे? त्याचं उत्तर रुग्णालयाच्या औषधभांडारात खुर्चीवर बसलेला माणूस देतो, आणि बहुतेक वेळा त्याला ते विचारायला कोणी येत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात या खुर्चीवर गेली कित्येक वर्षं एक बाई बसतात. डी. फार्म. झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना ताई म्हणतात, कंपन्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, मॅडम म्हणतात आणि रविवारी मंडळीत मुलं त्यांना बाई म्हणतात, कारण रविवारच्या शाळेतला मधला वर्ग त्यांच्याकडे आहे. नाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट. प्रामाणिकपणाचा मक्ता ख्रिस्ती माणसांनी घेतलेला नाही, असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. याच धंद्यात त्यांनी देवळात जाणारी, मशिदीत जाणारी आणि कुठेच न जाणारी स्वच्छ हाताची माणसं पाहिली आहेत. त्यांना बोलायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: रोज तेच कपाट उघडताना, त्याच माणसांशी बोलताना, मोह नेमका कुठून येतो आणि विश्वासाचं तिथे काय होतं.

नगरला ख्रिस्ती घरं नवी नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१च्या डिसेंबरात इथे आले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच निघू लागलं. शाळा, दवाखाने, सुतारकामाचे वर्ग यांच्याबरोबर या भागात एक समजही रुजला, की मिशनमधला माणूस म्हणजे विश्वासाचा. बाईंना नोकरी मिळाली त्यातही त्या समजाचा वाटा होता. तेव्हाचे व्यवस्थापक मुलाखतीत म्हणाले होते, की तुमच्या लोकांकडे किल्ल्या द्यायला आम्हाला भीती वाटत नाही. त्या दिवशी बाईंना बरं वाटलं. काम सुरू झाल्यावर मात्र त्या शाबासकीची दुसरी बाजू दिसू लागली. ज्याच्यावर विश्वास असतो त्याची तपासणी होत नाही. महिनाअखेरीची साठामोजणी इतर विभागांत व्हायची, औषधभांडारात हिशेबनीस दारातूनच विचारायचा, “सगळं जुळलंय ना ताई?” आणि सही करून निघून जायचा.

बाईंनी मग स्वतःहून एक पद्धत लावून घेतली. फुकट आलेला प्रत्येक डबा त्याच साठावहीत, त्याच पानावर, लाल शाईने. समोर दोन सह्या, एक त्यांची आणि एक त्या दिवशी काउंटरवर असेल त्या मुलाची. एमआर आला की बोलणं काउंटरवरच, आतल्या खोलीत नाही. आत जावंच लागलं तर दार उघडं. हे सगळं त्यांनी स्वतःवर भरवसा होता म्हणून केलं नाही. भरवसा नव्हता म्हणून केलं, असं त्या सरळ सांगतात. योसेफाची गोष्ट त्या मुलांना शिकवतात तेव्हा यावरच जोर देतात. पोटीफराच्या बायकोने धरलं तेव्हा तो वाद घालत उभा राहिला नाही. अंगावरचं वस्त्र तिथेच टाकून पळाला. पळून जाण्यात कमीपणा नाही हे मुलांना पटायला वेळ लागतो, मोठ्यांना त्याहून जास्त.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या मोहाचा पाठ वाचला जातो. रान, चाळीस दिवसांचा उपास, तीन मोह. पहिल्यात सैतान भुकेल्या येशूला धोंड्याची भाकर करायला सांगतो. एका वर्षी रविवारच्या शाळेत एका मुलीने बाईंना विचारलं, “भूक लागली असेल तर धोंड्याची भाकर करण्यात वाईट काय होतं?” बाईंकडे छापील उत्तर होतं, पण ते द्यावंसं वाटलं नाही. प्रश्न खरा होता. भाकर पाप नाही आणि भूकही पाप नाही. पुढे त्याच येशूने हजारोंना भाकरी वाढल्या. मग त्या दिवशी त्याने नाही का म्हटलं? बाई म्हणतात, त्यांना तो पाठ थोडाफार समजला तो व्याख्यानातून नाही, एसटीच्या संपातून.

त्यांचे यजमान एसटीच्या आगारात मेकॅनिक. २०२१च्या दिवाळीच्या आसपास एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. घरातला एक पगार बंद. मुलगी नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला, तिच्या फीचा हप्ता तोंडावर आलेला. या गोष्टी लपत नाहीत; काउंटरवर फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. एका स्टॉकिस्टचा माणूस माल उतरवून झाल्यावर घुटमळला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, पोरीच्या फीचं टेन्शन घेऊ नका. शेठनी सांगितलंय. उसने समजा, जमेल तेव्हा द्या.”

बदल्यात त्याने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. इथे समोर होती ती गरज, तीही लेकीची, आणि पुढे केलेला हात खरोखर आपुलकीचा वाटत होता. बाई म्हणाल्या, “त्या क्षणी मला सैतान वगैरे काही दिसलं नाही. भला माणूस दिसला.” त्यांनी त्याला विचार करून सांगते असंही म्हटलं नाही, कारण विचार करायला बसलं की मन कारणं पुरवतं. पैसे नकोत, शेठना धन्यवाद सांगा, एवढं बोलून त्या बिलं लावायला लागल्या. हात थरथरत होते.

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. दोघांनी मिळून ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत सोनेतारण कर्ज काढलं. गळ्यातलं क्रुसाचं मंगळसूत्रही त्यात गेलं. मंडळीपुढे साक्ष देताना लोक अशा ठिकाणी एखादा चमत्कार सांगतात, अनपेक्षित मनीऑर्डर, कोणाची तरी मदत. बाईंकडे तसं सांगायला काही नाही. पैसे आकाशातून आले नाहीत, व्याज भरावं लागलं आणि मंगळसूत्र सोडवायला बराच काळ गेला. देवाने आपल्याला काय दिलं असं विचारलं तर त्या म्हणतात, पुढच्या महिन्यात त्याच स्टॉकिस्टचा भाव दुसऱ्यापेक्षा चढा आला, तेव्हा ऑर्डर दुसरीकडे देताना जीभ अडखळली नाही. धोंड्याच्या भाकरीचं उत्तर त्यांना तिथे मिळालं. भाकर कोणाच्या सांगण्यावरून खायची, हा तो प्रश्न होता. ज्याच्या हातची एकदा खाल्ली, त्याचंच पुढचं सांगणंही ऐकावं लागतं.

गुरुवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी हे बायकांपुढे मांडलं. गाण्यानंतर प्रार्थनेचे विषय विचारतात. आजारपणं, परीक्षा, नातवंडं असे विषय येतात. मोह हा विषय कोणी मांडत नाही. बाईंनी मांडल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अंगणवाडीत काम करणारी एक बहीण म्हणाली, की हजेरीचा आकडा फुगवायला वरून सांगतात आणि तिला रात्री झोप लागत नाही. दुसरीने घरच्या दुधाच्या धंद्यातल्या पाण्याबद्दल सांगितलं. याकोबाच्या पत्रात आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं सांगितलेलं आहे; ते वाचून सगळ्यांना पाठ होतं, त्या संध्याकाळी ते घडलं. या लेखकाला बाईंच्या सगळ्या हकिगतीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोहाची ताकद तो एकट्याला गाठतो यात आहे. चार बायकांना एकमेकींचं कळलं, आणि दर गुरुवारी “काय झालं गं त्या हजेरीचं?” असं विचारणारं कोणीतरी प्रत्येकीला मिळालं.

विश्वासातली वाढ एका दिवसात होत नाही हे सांगायला नगरकरांना लांब जावं लागत नाही. पुढे इथेच राहिलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची, रडण्याची, रागाची आणि विचाराची होती. जातीचा विटाळ मनातून गेला तो आधी, बाप्तिस्मा नंतर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा प्रवास लिहिला तेव्हा स्वतःची चिडचिडही लपवली नाही आणि टिळकांच्या हातात पैसा न टिकण्याचीही सविस्तर नोंद केली. टिळकांनी पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसंघ उभारायची वाट धरली. त्यांच्या त्यागाचे गोडवे आपण गातो, ते योग्यच आहे. पण घरात पीठ आहे की नाही हे बघत ज्या बाईने विश्वास धरून ठेवला, तिची वाढ रोजच्या कामात विश्वास जगू पाहणाऱ्या माणसाला जास्त जवळची आहे.

इन्सुलिनचा प्रसंग असाच रोजच्या कामातला. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. भांडारातल्या फ्रीजला थर्मामीटर लावलेला असतो आणि शेजारी तक्ता. सकाळ-संध्याकाळ तापमान बघून लिहायचं आणि सही करायची. या तक्त्याबद्दल कुठल्याही रुग्णालयात विचारा, सगळीकडे ४ अंश, ४ अंश, ५ अंश. घाईच्या दिवशी न बघता लिहिणं, तपासणी आली की मागच्या आठवड्याचे रकाने एका बैठकीत भरून काढणं, हे इतकं सवयीचं झालं आहे की त्याला कोणी खोटं म्हणतच नाही. यात पैसा नाही, लाच नाही. वेळ वाचतो, एवढंच.

एका सकाळी बाईंनी फ्रीज उघडला तर आत थर्मामीटर शून्याच्या खाली. रात्री कोणीतरी बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. मागच्या भिंतीला लागून ठेवलेल्या इन्सुलिनच्या बाटल्यांत बर्फ झालेला होता. इन्सुलिनला थोड्या उष्णतेपेक्षा गोठणं जास्त घातक. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, ते टाकून द्यायचं. अडचण अशी, की दुपारपर्यंत बर्फ वितळतो आणि मग अनेकदा डोळ्यांना काही फरक कळत नाही. बाटली तशीच, लेबल तसंच, पाणी तसंच नितळ. रुग्णाची साखर उतरली नाही तर दोष त्याच्या खाण्याला लागतो.

मागची रांग सगळी गेली होती. बाईंनी प्रत्येक बाटली हातात घेऊन उजेडात तिरकी केली. बर्फाचा गोळा काचेला चिकटून हलतच नव्हता. काउंटरवरचा मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, “ताई, बाराच्या आत वितळेल. लिहायचं काय?” बाईंनी तक्त्यात उणे १ लिहिलं, वेळ लिहिली, बाटल्यांचे बॅच नंबर लिहिले, त्या वेगळ्या खोक्यात भरल्या आणि खोक्यावर ‘वापरू नये’ लिहून चिकटपट्टी लावली. मग त्या वर कळवायला गेल्या. वर जे ऐकावं लागलं ते गोड नव्हतं. नुकसान किती, हे कशाला लिहिलं, आधी विचारायचं, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, कोण बघत होतं? शेवटचं वाक्य बाईंच्या लक्षात राहिलं. त्या म्हणाल्या, “मी खाली येताना जिन्यात उत्तर दिलं, मनातच. बघत होता तो.” लेखी खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दिला. आठवडाभर कोणी नीट बोललं नाही.

आणि मग वारं फिरलं. तपासणीला आलेल्या माणसाने तो तक्ता पाहिला, ते उणे १ पाहिलं, बाटल्या नष्ट केल्याचा कागद पाहिला आणि म्हणाला, की पहिल्यांदाच एक खरा तक्ता बघतोय. रुग्णालयात बाईंचं कौतुक झालं. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, त्यांनी रविवारी साक्ष द्यायला सांगितलं.

बाईंनी साक्ष दिली नाही. कारण विचारलं तर त्या दुसऱ्या मोहाकडे वळतात, मंदिराच्या कळसावरच्या. मत्तयच्या शुभवर्तमानात तो दुसरा आहे, लूकमध्ये शेवटचा. त्यात भूक नाही, गरज नाही. उंचावर उभं राहायचं आहे आणि देव आपल्याला कसा झेलतो ते सगळ्यांनी बघायचं आहे. तपासणीनंतरचे काही आठवडे बाईंना आपल्या आत हेच होताना दिसलं. आपण इतरांसारखे नाही ही भावना चहाबरोबर घोटाघोटाने आत जात होती. शेजारच्या विभागातली सिस्टर तापमान न बघता लिहिते हे त्यांना आधीही माहीत होतं. आता ते बघताना आतून सुख होऊ लागलं. लाच नाकारणाऱ्या माणसाला हा मोह ओळखू येत नाही, कारण त्याला तो बक्षीस वाटतो.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलाचं प्रकरण उघडं पडलं. हाच तो मुलगा, ज्याची सही लाल शाईच्या नोंदीसमोर असायची. रोखीच्या काही बिलांचे पैसे तो गल्ल्यात भरत नव्हता, बिल रद्द झाल्याचं दाखवत होता. रक्कम मोठी नव्हती. त्याने कुठूनतरी हातउसने घेतले होते आणि मागणारे घरी येऊ लागले होते. बाईंच्या हातात पुरावा होता. पूर्वीच्या शाबासकीवर अजून एक शाबासकी मिळणार होती.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एखादा माणूस दोषात सापडला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा, असं सांगून लगेच पुढे इशारा दिला आहे: हे करताना तुम्हीही मोहात पडाल, जपा. बाईंनी हा भाग किती वेळा वाचला असेल, पण त्यातला इशारा आपल्यासाठी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी त्या मुलाला भांडार बंद झाल्यावर बसवून घेतलं. रद्द केलेली बिलं समोर ठेवली. लपवणार नाही, असं आधीच सांगितलं. पण सांगायला तू स्वतः चल, मी बरोबर येते. तो रडला, मग चिडला, मग दुसऱ्या दिवशी आला. वरच्या केबिनमध्ये दोघं उभी राहिली. रक्कम पगारातून कापून घ्यायचं ठरलं, नोकरी राहिली.

गोष्ट इथे गोड होऊन संपली नाही. काही महिन्यांनी तो मुलगा दुसरीकडे लागला आणि जाताना फारसं बोललाही नाही. सुधारला की नाही, बाईंना माहीत नाही. त्या त्याच्यासाठी प्रार्थना करतात, तो भेटला तर चहाला थांबवतात. या प्रकरणानंतर त्यांनी शेजारच्या सिस्टरलाही गाठलं. तिला न टोकता फक्त विचारलं, तुझ्या फ्रीजचा थर्मामीटर चालतो का? तो चालत नव्हता. कित्येक महिने तिने मागितला होता, कोणी दिला नव्हता. बाईंनी तो मागवून दिला.

बाहेरचे नियम या काळात बदलत गेले, तेही सांगायला हवं, कारण श्रद्धावान माणसाने नियमांना तुच्छ मानू नये. कंपन्यांकडून भेटी घ्यायला डॉक्टरांना २००९ पासून बंदी आहे. डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली. आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू देऊ नयेत असं त्यात आहे. दिवाळीला चांदीचं नाणं घेऊन येणाऱ्याला परत पाठवताना बाईंना आता कारण सांगत बसावं लागत नाही. सुक्यामेव्याच्या डब्यांचं काय करायचं यावर मात्र अजून वाद होतात.

सध्या त्यांच्यापुढे जे उभं आहे त्याला मात्र कुठला नियम आडवा येत नाही. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या असतात. एकीची खरेदी स्वस्त आणि छापील किंमत चढी, दुसरीची दोन्ही बेताची. पहिली ठेवली तर रुग्णालयाला नफा भरपूर, दुसरी ठेवली तर रुग्णाचे पैसे वाचतात. छापील किमतीच्या आत विकलं की कायदा काही म्हणत नाही. व्यवस्थापनाने नवं धोरण काढलं, की शक्य तिथे पहिलीच ठेवायची. लाच नाही, चोरी नाही, बिल चोख. बाईंचा पगारही त्याच नफ्यातून येतो.

इथे त्यांना जक्कय आठवतो. यरीहोचा तो जकातदार ज्या व्यवस्थेत काम करत होता तिला रोमी राज्याची मान्यता होती. येशू त्याच्या घरी उतरला आणि कोणी न मागता जक्कय उठून म्हणाला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्याआधी यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते, आम्ही काय करावं असं विचारत. योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. बाईंनी नोकरी सोडण्याचा विचार केला होता. योहानाच्या उत्तराने त्यांना थांबवलं. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी आलं तर धोरण तेच राहील, विचारणारं कोणी उरणार नाही.

म्हणून त्यांनी यादी केली. रोज ज्यांची गरज पडते अशा औषधांची, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपासून. प्रत्येकासमोर दोन्ही कंपन्यांची खरेदी, छापील किंमत, आणि महिन्याला रुग्णाला पडणारा फरक. त्याखाली जवळच्या जनऔषधी केंद्रातला भाव. यादी घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या. दोन्ही गोळ्या ठेवू, रुग्णाला दोन्हींची किंमत सांगू, निवड त्याची, एवढी त्यांची मागणी होती. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपुरतं व्यवस्थापनाने मान्य केलं. अँटिबायोटिक इंजेक्शनांवर नफा सर्वांत जास्त. त्यांचं नंतर बघू, असं उत्तर मिळालं. गुरुवारच्या बायका दर आठवड्याला विचारतात, इंजेक्शनांचं काय झालं? बाई सांगतात, अजून नाही. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत परत मांडणार आहे, आकडे नवे काढलेत.